विश्लेषण : ५०० म्हणजे रुपये की पैसे? एआय एजंटच्या चुकांचे मूळ अर्धवट डॉक्युमेंटेशनमध्ये

तिकीट काढणारे, पैसे भरणारे, कोड लिहिणारे एआय एजंट आपले काम चार-सहा ओळींच्या मजकुरावर विसंबून करतात. तो मजकूर लिहिण्याकडे सॉफ्टवेअर कंपन्या आजवर दुय्यम काम म्हणून पाहत आल्या. आता त्याची किंमत ग्राहकाला मोजावी लागू शकते.

ऑनलाइन दुकानाला ग्राहकाकडून ५०० रुपये घ्यायचे आहेत. रेझरपे या पेमेंट कंपनीच्या यंत्रणेला ही रक्कम कळवताना दुकानाच्या सॉफ्टवेअरने ‘५००’ असे पाठवले, तर पाच रुपयांची ऑर्डर तयार होते. कारण तिथे रक्कम पैशांत द्यावी लागते. ५०० रुपयांसाठी ५०००० असा आकडा लागतो. त्याच फोनवरील यूपीआय लिंकमध्ये मात्र रक्कम थेट रुपयांत, दशांश चिन्हासह लिहिली जाते. स्ट्राइप या अमेरिकी कंपनीकडेही चलनाच्या सर्वांत लहान एककात रक्कम द्यायची असते. पण जपानी येनला व्यवहारात लहान एककच नाही, त्यामुळे ५०० येन हे ५००च राहतात.

यात चूक कोणाचीच नाही. दशांश अपूर्णांकांचे घोळ टाळण्यासाठी पूर्णांकात रक्कम ठेवणे ही प्रोग्रामिंगमधली जुनी आणि शहाणी पद्धत आहे. कंपन्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये, म्हणजे वापराच्या लेखी माहितीत, ते स्पष्ट लिहिलेलेही असते. प्रश्न त्यापुढचा आहे. तो मजकूर आजवर माणूस वाचत होता. आता ते काम एआय एजंटकडे जात आहे आणि त्याच्या हाती अनेकदा संपूर्ण माहिती न येता फक्त ‘रक्कम : संख्या’ एवढेच दोन शब्द येतात.

एजंटला नेमके काय दिसते?

एजंट म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर आरटीओबाहेर फाइल घेऊन उभा असलेला माणूस येतो. उपमा अगदीच चुकीची नाही. आपल्या वतीने खिडकीवर जाऊन काम करून आणणारा, तो एजंट. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांसारखी भाषा प्रारूपे मुळात फक्त मजकूर तयार करतात. त्यांना तिकीट काढता येत नाही की फाइल उघडता येत नाही. त्यासाठी त्यांना ‘टूल’ जोडून द्यावी लागतात. ओपनएआयने जून २०२३ मध्ये ‘फंक्शन कॉलिंग’ ही सोय आणली, तेव्हापासून ही पद्धत रुळली. प्रत्येक टूलचे नाव, ते काय करते याचे वर्णन आणि त्याला कोणकोणती माहिती द्यायची याची यादी प्रारूपापुढे ठेवली जाते. ग्राहकाची विनंती वाचून कोणते टूल वापरायचे आणि त्यात काय भरायचे, हे प्रारूप ठरवते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ म्हणजे एमसीपी हे खुले मानक जाहीर केले. कोणतेही टूल कोणत्याही एजंटला एकाच पद्धतीने जोडता यावे, हा त्याचा हेतू. पुढच्याच वर्षी ओपनएआय आणि गुगल या स्पर्धकांनीही ते स्वीकारले आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेले. जोडणीचा प्रश्न त्यामुळे बऱ्याच अंशी सुटला. जोडलेल्या गोष्टीचे वर्णन नीट लिहिण्याचा प्रश्न मात्र कोणत्याही मानकाने सुटत नाही.

कारण टूलच्या आतला कोड एजंटला सहसा दिसतच नाही. औषधाच्या दुकानात नव्या माणसाला उभे करावे, बाटलीत काय आहे ते पाहू देऊ नये आणि फक्त लेबल वाचून औषध द्यायला सांगावे, तशी ही स्थिती आहे. लेबलवर ‘तापाचे औषध’ एवढेच असेल, तर लहान मुलाला किती मिली द्यायचे हे तो अंदाजाने ठरवणार.

माणसाचे निभावत होते, मग आताच अडचण का?

वाईट डॉक्युमेंटेशन ही काही नवी गोष्ट नाही. युनिक्स या संगणक प्रणालीचे पहिले मॅन्युअल केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी नोव्हेंबर १९७१ मध्ये लिहिले. त्यात प्रत्येक कमांडच्या माहितीखाली ‘बग्ज’ असा वेगळा भाग असे. म्हणजे ‘आमच्या या कमांडमध्ये अमुक दोष आहे, जपून वापरा’ हे लिहिणाऱ्यांनीच नोंदवून ठेवलेले. आजच्या किती उत्पादनांच्या माहितीत इतका प्रांजळपणा आढळतो, हे प्रत्येकाने आपल्या फोनवरच्या ॲपचे मदत पान उघडून पाहावे.

तरीही निभावत होते, कारण माणूस सांभाळून घेतो. नव्या कंपनीत रुजू झालेला प्रोग्रामर शेजारच्या टेबलावरच्या सीनिअरला विचारतो, एक रुपयाचा व्यवहार करून बघतो, इंटरनेटवर कोणी तरी आधीच रडून ठेवलेले शोधतो. लेखी माहितीतील भोके तोंडी माहितीने बुजवली जातात. अनेक कार्यालयांत तर खरे डॉक्युमेंटेशन हे एका विशिष्ट कर्मचाऱ्याच्या डोक्यात असते आणि तो रजेवर गेला की सगळे अडते.

एजंटला शेजारचे टेबल नाही. माहिती अपुरी असेल तर तो थांबून विचारेलच असे नाही. बऱ्याचदा तो सर्वांत शक्य वाटणारा अर्थ धरतो आणि पुढे जातो, तेही कमालीच्या आत्मविश्वासाने.

सातबाऱ्याचे उदाहरण घ्या. त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, गावात व्यवहार बोलले जातात एकर-गुंठ्यांत. समजा, जमिनीच्या नोंदी वाचणाऱ्या एखाद्या टूलने ‘क्षेत्र : ०.४०’ एवढेच उत्तर दिले आणि एकक लिहिले नाही. हेक्टर धरले तर ते सुमारे साडेएकोणचाळीस गुंठे होतात, म्हणजे जवळपास एकर. एकर धरले तर फक्त १६ गुंठे. पीककर्जाचा अर्ज भरून देणाऱ्या एजंटने दुसरा अर्थ धरला, तर शेतकऱ्याची निम्म्याहून जास्त जमीन कागदावरून नाहीशी होईल आणि पडद्यावर कुठेही लाल अक्षरांत चूक दिसणार नाही. वर्णनात ‘हेक्टरमध्ये’ हा एक शब्द घातला असता तर हे टळले असते. तारखांचे तेच. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च.

आणि मराठीची स्वतःची एक गंमत आहे. ‘परवा’ हा शब्द मागचाही असतो आणि पुढचाही. शुक्रवारी कोणी ‘परवाच्या गाडीचे पैसे परत मिळव’ असे सांगितले, तर बुधवारची रद्द झालेली गाडी की रविवारची ठरलेली? माणूस संदर्भाने ओळखतो किंवा विचारतो. ‘तारीख संदिग्ध असेल तर ग्राहकाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये’ अशी ओळ टूलच्या वर्णनात असेल, तर एजंटही विचारण्याची शक्यता वाढते. इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या वर्णनात ही ओळ कोणी कशाला घालेल? ‘पावणेदोन लाख’ हे कोणत्या आकड्यात बदलायचे, तेही तिथे कोणाच्या ध्यानात येणार नाही.

वर्णन सुधारल्याने खरेच फरक पडतो का?

पडतो, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण २०२४ चे आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी ‘एसडब्ल्यूई-एजंट’ नावाची प्रणाली तयार केली. खऱ्याखुऱ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांतील दोष दुरुस्त करण्याचे काम तिला दिले. प्रारूप नवे नव्हते, जीपीटी-४ च होते. संशोधकांनी बदलली ती त्याला दिलेली साधने. सबंध फाइल एकदम समोर ओतण्याऐवजी एका वेळी १०० ओळी दाखवणारी खिडकी दिली. शोधात फार निकाल आले तर सगळे न दाखवता शोध नेमका करायला सांगितले. चुकीची दुरुस्ती केली तर ती तिथल्या तिथे नाकारून कारण कळवले. एक तपशील तर फारच साधा आहे. काही कमांड यशस्वी झाल्या तरी काहीच छापत नाहीत. जाणकार माणसाला ही शांतता म्हणजे यश हे माहीत असते, पण एजंट गोंधळतो. म्हणून ‘कमांड यशस्वी झाली, तिने काही छापले नाही’ असे वाक्य परत पाठवण्याची सोय केली. या प्रणालीने पूर्ण चाचणीतील सुमारे १२.५ टक्के दोष सोडवले. आज हा आकडा किरकोळ वाटेल, पण तेव्हाच्या आधीच्या पद्धतींपेक्षा तो कित्येक पट जास्त होता.

अँथ्रॉपिकने डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेला अनुभवही याच वळणाचा आहे. कोड लिहिणाऱ्या एजंटसाठी मुख्य सूचनांपेक्षा टूल सुधारण्यावर जास्त वेळ गेला, असे कंपनीने नमूद केले. एजंट एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेला की फाइलचा अर्धवट पत्ता देऊन चुकत होता. टूलने पूर्ण पत्ता देणेच बंधनकारक केले आणि चूक थांबली. याच कंपनीच्या वेब शोधाच्या टूलबाबत घडलेला प्रकार मजेशीर आहे. एजंट गरज नसताना प्रत्येक शोधाच्या शेवटी ‘२०२५’ जोडत होता आणि निकाल बिघडत होते. उपाय काय, तर टूलचे वर्णन सुधारले. नवे प्रारूप घडवावे लागले नाही.

नमुन्याची उदाहरणे दिल्यानेही असाच फायदा होतो. गुंतागुंतीची माहिती भरण्याच्या अंतर्गत चाचणीत टूलसोबत भरलेले नमुने दिल्यावर अचूकता ७२ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेल्याचे अँथ्रॉपिकने २०२५ च्या अखेरीस सांगितले. हे आकडे टूल आणि प्रारूप विकणाऱ्या कंपनीचेच आहेत, हे ध्यानात ठेवून वाचावेत. पण बँकेत स्लिप भरायच्या टेबलावर काचेखाली ठेवलेला भरलेला नमुना काय काम करतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला यात आश्चर्य वाटू नये.

चांगले वर्णन दिसते तरी कसे?

बस आरक्षणाच्या एका काल्पनिक टूलचे वर्णन ‘बुकिंग रद्द करते’ असे आहे. तीन शब्द, आणि ते खरेही आहेत. आता हेच असे लिहून पाहा : ‘एक आरक्षण कायमचे रद्द करते. रद्द केलेले आरक्षण पुन्हा चालू करता येत नाही. १० अंकी आरक्षण क्रमांक द्यावा, प्रवाशाचे नाव किंवा फोन नंबर चालणार नाही. क्रमांक माहीत नसेल तर आधी आरक्षण शोधण्याचे टूल वापरावे. परतावा किती मिळेल ते हे टूल सांगत नाही, त्यासाठी परतावा पाहण्याचे वेगळे टूल आहे आणि ते आधी वापरून रक्कम ग्राहकाला सांगावी. तारीख बदलायची असेल तर हे टूल वापरू नये.’

दुसऱ्या मजकुरात अलंकारिक काहीच नाही. फक्त पहिला लिहिणाऱ्याला जे माहीत होते आणि इतकं तर कळायलाच हवे म्हणून जे त्याने गाळले, ते सगळे त्यात आहे. विशेषतः शेवटचे वाक्य. टूल कधी वापरू नये हे सांगणारी ओळ बहुतेक डॉक्युमेंटेशनमध्ये नसते आणि नेमकी तीच सर्वाधिक उपयोगी पडते.

चुकीचे संदेश हाही डॉक्युमेंटेशनचाच भाग आहे, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानातच येत नाही. ‘एरर ४००’ एवढे परत आले की एजंट तीच चूक पुन्हा करून पाहतो किंवा दुसरेच काही तरी करून बसतो. ‘तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या, उदाहरणार्थ २०२६-०१-३१’ असे परत आले तर पुढच्या खेपेला तो बहुधा बरोबर देतो. सरकारी संकेतस्थळांवर ‘काही तरी चुकले, नंतर प्रयत्न करा’ हा संदेश वाचून कंटाळलेल्या माणसांनाही ही सुधारणा चालेल.

मग सगळेच लिहून टाकावे का? तसे करताही येत नाही. एजंटची एका वेळी वाचण्याची क्षमता मर्यादित असते आणि प्रत्येक शब्दाचे पैसे पडतात. गिटहब, स्लॅक यांसारख्या पाच सेवांची मिळून ५८ टूल जोडली, तर ग्राहकाने पहिला शब्द टाइप करण्याआधीच सुमारे ५५ हजार टोकन त्यांच्या वर्णनातच खर्ची पडतात, असे अँथ्रॉपिकने दाखवून दिले. शिवाय ‘शोधा’, ‘पाहा’ आणि ‘मिळवा’ अशा नावांची तीन टूल जवळपास एकच काम करत असतील, तर वर्णन कितीही लांबवले तरी एजंट चुकणार. तिथे दोष लिखाणात नसून टूलच्या रचनेत असतो. नीट लिहायला बसले की तो उघडा पडतो, हा लिहिण्याचा आणखी एक उपयोग.

सगळा भार डॉक्युमेंटेशनवर टाकता येईल का?

नाही. जुलै २०२५ मधील रेप्लिटचे प्रकरण याची आठवण करून देते. सास्टर या संस्थेचे संस्थापक जेसन लेमकिन या मंचावर एजंटच्या मदतीने ॲप तयार करत होते. कोणताही बदल करू नये अशी स्पष्ट सूचना असताना एजंटने वापरात असलेला डेटाबेस पुसून टाकला. हजाराहून अधिक अधिकाऱ्यांच्या नोंदी त्यात होत्या. वर हे पूर्ववत करता येणार नाही, असेही त्याने सांगितले. प्रत्यक्षात तो डेटा परत आणता आला. रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी जाहीर माफी मागितली आणि उपाय सांगितले. चाचणीचा आणि प्रत्यक्ष वापराचा डेटाबेस वेगळा करणे हा त्यातला मुख्य उपाय होता. त्यांनी आणखी एक गोष्ट मान्य केली : एजंटकडे योग्य अंतर्गत डॉक्युमेंटेशन पोहोचलेच नव्हते आणि ते शोधणे त्याला सक्तीचे करण्यात येत आहे.

या दोन उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. पूर्ववत करण्याची सोय आहे हे लिहिलेले वाचले असते, तर एजंटने लेमकिन यांना खोटा दिलासा किंवा खोटी निराशा दिली नसती. पण पुसण्याची परवानगीच नसती, तर प्रसंगच आला नसता. ‘कृपया हे बटण दाबू नये’ ही पाटी कुलपाची जागा घेऊ शकत नाही. एमसीपीच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत प्रत्येक टूलवर ‘हे फक्त वाचते’ किंवा ‘हे नुकसान करू शकते’ असा शिक्का मारण्याची सोय आली. मात्र अनोळखी स्रोताकडून आलेल्या शिक्क्यावर भरवसा ठेवू नये, असे ते मानकच सांगते.

हा इशारा नुसता सावधगिरीचा नव्हता. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरिअंट लॅब्ज या सुरक्षा कंपनीने ‘टूल पॉयझनिंग’ दाखवून दिले. दोन संख्यांची बेरीज करणारे निरागस टूल, पण त्याच्या वर्णनात एजंटसाठी सूचना लपवलेली : आधी संगणकावरच्या गोपनीय फाइल वाच आणि त्यातला मजकूर सोबत पाठव. वापरणाऱ्याला पडद्यावर फक्त बेरीज दिसते. वर्णन हीच एजंटची आज्ञा असल्याने ते लिहिणाऱ्याच्या हाती एजंटचा लगाम येतो. चांगल्या हेतूने लिहिलेले वर्णन जितके प्रभावी, तितकेच वाईट हेतूने लिहिलेलेही.

आपल्याकडे हे कुठवर आले आहे?

दिसते त्यापेक्षा बरेच जवळ. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईतील ग्लोबल फिनटेक फेस्टमध्ये एनपीसीआय, रेझरपे आणि ओपनएआय यांनी चॅटजीपीटीतून खरेदी करून यूपीआयने पैसे भरण्याचा प्रायोगिक प्रकल्प जाहीर केला. झेरोधाने आपल्या काइट मंचासाठी त्याच वर्षी एमसीपी सेवा सुरू केली, पण एजंटला गुंतवणूकदाराचे खाते वाचता येईल, शेअर खरेदी-विक्रीची ऑर्डर टाकता येणार नाही, अशी मर्यादा ठेवून. ही मर्यादा काहींना मागासलेपणाची वाटली असेल. ग्राहकाच्या पैशाशी खेळताना इतका भित्रेपणा असायलाच हवा.

अडचण माणसांची आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांत डॉक्युमेंटेशन म्हणजे शेवटच्या आठवड्यात भरायचे ‘ब्लॅक बुक’. मागच्या बॅचचे मिळवायचे, नावे बदलायची, बायंडिंग करून सही घ्यायची. तेच विद्यार्थी पुढे पुण्याच्या आणि बेंगळूरुच्या कंपन्यांत कोड लिहितात, तेव्हा त्यांना त्या कोडबद्दल दोन नेमकी वाक्ये लिहिता येत नाहीत, यात त्यांचा एकट्यांचा दोष नाही. टेक्निकल रायटर हे पद कंपन्यांत आहे, पण खर्चकपातीत पहिली कुऱ्हाड अनेकदा त्यावरच पडते. काही ठिकाणी तर टूलचे वर्णन लिहिण्याचे कामही एआयलाच दिले जाते. कोड वाचून काय घडते ते एआय लिहू शकते. रक्कम पैशांत का ठेवली, किंवा रात्री बारा ते एक या वेळात हे टूल का वापरू नये, हे कोडमध्ये लिहिलेले नसेल तर त्याला ते कळणार कुठून?

एजंट पैशाला हात लावू लागल्यावर टूलच्या वर्णनाकडे मदतीचा मजकूर म्हणून पाहणे परवडणारे नाही. अटी-शर्तींसारखा त्याचा दर्जा हवा : कोडसारखीच तपासणी झालेला, तारीख आणि आवृत्ती क्रमांक असलेला, बदलला की नोंद ठेवलेला. निदान बँका, विमा कंपन्या आणि सरकारी सेवांनी तरी आपल्या टूलची वर्णने कोणालाही वाचता येतील अशी खुली ठेवावीत. आज सेवा पुरवणारी कंपनी आपल्या सर्व्हरवर हे वर्णन कधीही बदलू शकते आणि ग्राहकाला ते कळेलच असे नाही. त्याने एजंटला मंजुरी दिली तेव्हा मजकूर एक होता, पैसे कापले गेले तेव्हा दुसराच, असे घडले आणि तक्रार ग्राहक मंचापुढे गेली, तर त्या दिवशीच्या वर्णनाची प्रत दाखवण्याची जबाबदारी दुकानाची, पेमेंट कंपनीची की प्रारूप चालवणाऱ्याची, याचे उत्तर प्रायोगिक प्रकल्प संपण्याआधी लेखी मिळायला हवे.